भ्रमणध्वनी परिषद-संभाषण

निरनिराळ्या ठिकाणी असलेल्या तीन किंवा अधिक व्यक्तींना एकाच वेळी परस्परांशी बोलता व परस्परांचे बोलणे ऐकता यावे, यासाठी त्यांच्या दूरध्वनी वा भ्रमणध्वनी जोडण्या एकत्र गुंफण्याच्या सेवेस परिषद-संभाषण म्हणतात. व्यवहारात तिचे ‘कॉन्फरन्स कॉल’ हेच नाव रूढ आहे. मराठी पर्याय कागदोपत्री सोडल्यास कोणी वापरत नाही व या नोंदीतही दोन्ही नावे गरजेप्रमाणे योजली आहेत. या सेवेचा महाराष्ट्रातील इतिहास पाहू जाता तो वारंवार नवी मुंबईपाशी येऊन थांबतो. भारतातील दोन मोठ्या भ्रमणध्वनी जालांची सूत्रे ठाणे-बेलापूर रस्त्यावरून हलविली गेली, हे त्याचे एक कारण. बहुतेक कुटुंबे बाहेरून येऊन वसलेल्या या नियोजित नगरात दूरच्या माणसांशी बोलण्याची निकड जन्मापासूनच होती, हे दुसरे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे एकस्व ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. भारतात २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रांची औपचारिक सुरुवात झाली. या केंद्रांत जोडणी हाताने होई. ग्राहकाने मागणी केली की फलकापुढे बसलेला चालक दोन तारांची टोके दोरीवजा जोडणीने एकत्र करी. तिसरी तार त्याच जागी जोडली की तिघांचे बोलणे सुरू होण्यास तत्त्वतः काहीच अडचण नव्हती. त्या अर्थाने परिषद-संभाषण दूरध्वनी केंद्राइतकेच जुने आहे. अडचण होती ती आवाजाची. तारेतून येणारी विद्युत् शक्ती ठराविक असते आणि ऐकणारे जितके वाढतील तितके तिचे वाटे पडतात. तिसऱ्या माणसापर्यंत आवाज क्षीण होऊन पोहोचे, चौथ्यापर्यंत त्याहून क्षीण. विवर्धक बसवावा, तर वाढविलेला आवाज त्याच दोन तारांवरून मागे फिरून शिट्टीसारखा नाद उत्पन्न करी. ही अडचण काही प्रमाणात दूर झाल्याचे जगास दिसले ते २५ जानेवारी १९१५ रोजी. अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणाऱ्या दूरध्वनी मार्गाच्या उद्‌घाटनप्रसंगी न्यूयॉर्कमध्ये बेल, सॅन फ्रॅन्सिस्कोत त्यांचे जुने साहाय्यक वॉटसन, वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन आणि जॉर्जियातील जेकिल बेटावर कंपनीचे अध्यक्ष व्हेल असे चौघे एकाच मार्गावर होते.

आपल्याकडे अशा चैनीला दीर्घकाळ वाव नव्हता. दोघांचे बोलणे होणे हेच कठीण होते. दूरध्वनी मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे. ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेखाली आगाऊ रक्कम भरणाऱ्यास प्राधान्य असे. परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवून घंटी वाजण्याची वाट पाहावी लागे. चालकाच्या मदतीशिवाय परगावी थेट क्रमांक फिरविण्याची सोय भारतात प्रथम २५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर व लखनौ या शहरांदरम्यान झाली. १९८० नंतरच्या दशकात पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ केंद्रे गल्लोगल्ली उघडली, तेव्हा रात्रीच्या सवलतीच्या दरासाठी त्यांच्यापुढे रांगा लागत. त्या काचेच्या खोलीत एका वेळी एक माणूस बोले आणि त्याच्या मागे उभे असलेले कुटुंब त्याला काय विचारायचे ते सुचवीत असे. अनेकांनी मिळून बोलण्याची गरज तेव्हाही होती, एवढाच याचा अर्थ.

१ एप्रिल १९८६ रोजी मुंबई व दिल्ली येथील दूरध्वनी सेवा महानगर टेलिफोन निगमाकडे सोपविण्यात आली. नवी मुंबईचा प्रदेश याच निगमाच्या मुंबई क्षेत्रात आला व त्यास मुंबईचाच ०२२ हा संकेतांक मिळाला. पुढे भ्रमणध्वनीचे परवाने देताना मुंबई महानगर क्षेत्राची व्याख्या ‘मुंबई, नवी मुंबई व कल्याण दूरध्वनींचे स्थानिक क्षेत्र’ अशी करण्यात आली. खाडीमुळे भूगोलाने वेगळी केलेली दोन शहरे दूरध्वनीच्या नकाशात अशा रीतीने एकच राहिली. वाशीपर्यंतची लोकल गाडी मे १९९२ मध्ये सुरू झाली हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही शहरांना एक संकेतांक असण्याचे मोल कळते.

अंकीय दूरध्वनी केंद्रांमुळे परिषद-संभाषणाचे स्वरूप मुळातून पालटले, म्हणून त्यांचे कार्य थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. अंकीय केंद्रात आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ द्विमान अंकांत मांडला जातो. म्हणजे एका संभाषणास दर सेकंदास ६४,००० अंक लागतात. आवाज एकदा संख्यारूप झाला की अनेकांचे आवाज एकत्र करणे ही बेरीज ठरते. मात्र ती साधी बेरीज नव्हे. हळू आवाजातील बारकावे टिकावेत म्हणून भारतात व यूरोपात नमुने ‘ए-नियम’ या लॉगरिथमीय स्वरूपाच्या मोजपट्टीवर लिहितात. लॉगरिथमांची बेरीज केल्यास मूळ संख्यांचा गुणाकार होतो, हे शाळेत शिकलेल्या वाचकास आठवेल. त्यामुळे प्रत्येक नमुना आधी सरळ मोजपट्टीवर आणावा लागतो, मग बेरीज करावी लागते आणि उत्तर पुन्हा दाबून लिहावे लागते. शिवाय प्रत्येकास पाठवावयाची बेरीज वेगळी असते. सहा जण बोलत असतील तर प्रत्येकास उरलेल्या पाच जणांचाच आवाज पाठवितात. त्याचा स्वतःचा आवाज वजा करतात. तो वजा न केल्यास बोलणाऱ्याला स्वतःचे शब्द किंचित उशिराने ऐकू येऊ लागतात आणि तो अडखळतो. हे काम करणाऱ्या उपकरणास परिषद-सेतू म्हणतात. शक्तीचे वाटे पडण्याचा जुना दोष या पद्धतीत नाहीसा झाला. परंतु एक नवा दोष आला: सहांपैकी एकाच्या घरी मिक्सर सुरू असेल, तर त्याचा आवाज पाचही घरांत सारख्याच जोराने पोहोचतो.

भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी ते केले. मुंबई क्षेत्रात त्याच वर्षी बीपीएल मोबाइल आणि ‘मॅक्स टच’ या नावाने सेवा देणारी हचिसन मॅक्स या दोन कंपन्यांनी सेवा सुरू केली. दोन्ही जाले जीएसएम या यूरोपीय पद्धतीची होती आणि त्या पद्धतीच्या मानकांत परिषद-संभाषणाची तरतूद होती. सेवा मागणारा एक व दूरचे पाच मिळून सहा ही तिची मर्यादा होती. आज बहुतेकांच्या हाती असलेल्या उपकरणांतही सामान्यतः हाच आकडा आढळतो, त्याचे मूळ येथे आहे.

भ्रमणध्वनीवरून परिषद भरविताना हातातील उपकरण आवाज एकत्र करीत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जीएसएम पद्धतीत उपकरण व मनोरा यांच्यामध्ये आवाजासाठी एकच मार्ग असतो. परिषदेत दोघे असोत की सहा, तो मार्ग एकच राहतो. उपकरणातून दर सेकंदास सु. १३,००० अंकांच्या दाबलेल्या स्वरूपात निघालेला आवाज जालात उलगडला जातो व भ्रमणध्वनी केंद्रातील परिषद-सेतूवर इतरांच्या आवाजांत मिसळला जातो. उपकरणावरील कळ केवळ केंद्राला आज्ञा देते. म्हणूनच कंपनीने ‘कॉल होल्ड’ व परिषद या सेवा ग्राहकाच्या खात्यावर चालू केलेल्या नसतील, तर कितीही भारी उपकरण घेतले तरी ‘मर्ज’ची कळ निरुपयोगी ठरते.

या आज्ञांची एक सांकेतिक भाषा होती व ती मानकात अजूनही आहे. एकाशी बोलणे चालू असता २ हा अंक दाबून ‘सेंड’ कळ दाबली की चालू संभाषण थांबवून ठेवले जाते व थांबलेले वा प्रतीक्षेत असलेले घेतले जाते. ३ व सेंड यांनी थांबलेली व्यक्ती चालू संभाषणात सामील होते. म्हणजेच परिषद सुरू होते. १ च्या पुढे सहभागी व्यक्तीचा क्रम दाबल्यास तेवढी व्यक्ती बाहेर पडते. २ च्या पुढे क्रम दाबल्यास त्या एका व्यक्तीशी खाजगीत बोलता येते आणि इतर सर्व तोवर थांबून राहतात. ४ व सेंड यांनी तर दोघांना परस्परांशी जोडून देऊन आपण निघून जाता येते. दुसरा कॉल येत असल्याची सूचना मिळण्याची सेवा *४३# या संकेताने चालू व #४३# याने बंद होते. पडद्यावर ‘कॉल जोडा’, ‘मर्ज’, ‘स्वॅप’, ‘मॅनेज’ अशी चिन्हे आल्यावर ही अंकभाषा विस्मरणात गेली. मात्र चिन्हांच्या मागे चालतात त्या याच आज्ञा.

परिषद ज्याने भरविली त्याचे तिच्यावर जवळजवळ एकहाती नियंत्रण असते. कोणाला आत घ्यावे, कोणाला बाहेर काढावे हे तोच ठरवितो आणि त्याने स्वतः कॉल बंद केला की साऱ्यांचेच संभाषण तुटते. सहभागी व्यक्ती स्वतःपुरती बाहेर पडू शकते, इतकेच. तिच्या पडद्यावर फार तर आपण परिषदेत आहोत अशी खूण दिसते. इतर कोण आहेत, किती आहेत हे दिसत नाही. ते सांगणे भरविणाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून आहे. एखादा सहभागी मध्येच दुसरा कॉल घेण्यासाठी परिषदेला ‘होल्ड’वर ठेवतो, तेव्हा त्याच्या मार्गावर वाजणारे प्रतीक्षासंगीत उरलेल्या सर्वांना ऐकावे लागते आणि ते बंद करणे भरविणाऱ्यासही त्याला बाहेर काढल्याशिवाय शक्य होत नाही. कार्यालयीन परिषदांत हा प्रसंग इतका नेहमीचा आहे की, बोलत नसताना ‘म्यूट’ ठेवावे व होल्ड टाळावे, ही सूचना प्रारंभीच दिली जाते.

सेवा १९९५ पासून उपलब्ध असली तरी ती सामान्यांच्या आवाक्यात नव्हती. सुरुवातीच्या काळात गर्दीच्या वेळचा दर मिनिटास १६ रुपयांच्या आसपास होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. परिषदेत प्रत्येक जोडणीचा आकार भरविणाऱ्याच्या नावे स्वतंत्र लागतो. पाच जणांशी दहा मिनिटे बोलावयाचे तर पन्नास मिनिटांचे, म्हणजे सु. ८०० रुपये होत. शिवाय ऐकणाऱ्या पाचही जणांना त्यांचे देयक वेगळे. परिषद-संभाषणाचा प्रसार पुढे कसा झाला याचे उत्तर तंत्रविद्येपेक्षा दरपत्रकात अधिक सापडते. मे २००३ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या आकारपद्धतीनुसार येणारे कॉल विनामूल्य झाले. जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदास एक पैसा हा दर आणला व मिनिटाचे एकक मोडले.

या दोन घटनांच्या आधीच नवी मुंबईने दरपत्रकास हादरा दिला होता. सिडको या महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली व सु. ३४४ चौ. किमी. क्षेत्रात हे नगर उभे राहू लागले. ठाणे-बेलापूर पट्टा आरंभी रासायनिक कारखान्यांचा म्हणून ओळखला जाई. याच पट्ट्यात कोपरखैरणे येथे रिलायन्स इन्फोकॉमची ‘धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी’ वसली व देशभरच्या जालाचे नियंत्रण तेथून होऊ लागले. कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये सेवेची घोषणा केली. दूरध्वनीवर बोलणे पोस्टकार्डापेक्षा स्वस्त व्हावे, ही धीरूभाई अंबानींची इच्छा जाहिरातींतून सर्वतोमुखी झाली होती. पोस्टकार्डाची किंमत ५० पैसे होती. कंपनीच्या दोन ग्राहकांमधील संभाषणास मिनिटास ४० पैसे पडत. तथापि हे जाल सीडीएमए पद्धतीचे होते व त्यात परिषदेची सोय फक्त तिघांपुरती असे. पहिला कॉल चालू असता दुसरा क्रमांक लावून पुन्हा सेंड दाबले की तिघे एकत्र येत; सहभागींना क्रमाने हाताळणे, एकास बाजूला घेऊन बोलणे हे जीएसएममधील प्रकार त्यात नव्हते. दहा मिनिटांच्या त्रिपक्षीय बोलण्यास ८ रुपये पुरत. अधिक सोयीची सेवा महाग आणि तोकडी सेवा स्वस्त, अशी ही स्थिती होती व लोकांनी तोकडी निवडली.

कोपरखैरणे व घणसोली येथेच माथाडी कामगारांच्या मोठ्या वसाहती आहेत. मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीच्या कृषि उत्पन्न बाजार आवारात हलले, त्यांच्याबरोबर हा कामगारवर्गही आला. त्यातील पुष्कळांचे मूळ सातारा जिल्ह्यात व आसपासच्या डोंगरी तालुक्यांत. घर खाडीकाठी आणि शेत पाटण वा जावळीकडे, असा संसार चालविणाऱ्याला भावाभावांत एकदाच बोलून निर्णय करावयाचा असतो. पेरणी, आईचे औषधपाणी, मुलीचे स्थळ यांतील एकही विषय दोघांच्या बोलण्यात संपणारा नव्हे. पूर्वी एकाचे म्हणणे दुसऱ्यास कळविताना त्यात सांगणाऱ्याची भर पडे आणि घरोघरीचे कित्येक अबोले अशा निरोपांतून उद्‌भवत. तिघांनी एकाच वेळी ऐकलेल्या शब्दास ही भर लागत नाही. सीमेपलीकडच्या मराठी कुटुंबांतही हाच अनुभव, फक्त तेथे घड्याळाचे अंतर मध्ये येते.

रिलायन्स कम्युनिकेशन्सची भ्रमणध्वनीवरील आवाजसेवा डिसेंबर २०१७ मध्ये बंद पडली व २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दरम्यान त्याच रस्त्यावर घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून दुसऱ्या भावाच्या रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली. या जालात जुन्या पद्धतीचा आवाजमार्गच नव्हता. आवाज हाही विदेच्या पुडक्यांतून जाई. या पद्धतीस व्होल्टी असे म्हणतात. एअरटेलने ती सप्टेंबर २०१७ मध्ये प्रथम मुंबईत आणली. व्होल्टीत परिषदेची रचना वेगळी आहे. भरविणाऱ्याचे उपकरण आधी जालातील परिषद-संगणकाशी स्वतःची जोडणी करते आणि मग चालू व थांबलेल्या संभाषणांतील व्यक्तींना त्याच संगणकाकडे येण्यास कळविते. वापरणाऱ्यास यातील काही जाणवत नाही, कळ तीच राहते. जाणवतो तो आवाजातील फरक. जुन्या दूरध्वनीत ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ कंप्रतांचाच आवाज जाई, व्होल्टीत तो ५० ते ७,००० हर्ट्‌झपर्यंत जातो. मराठीतील स, श, फ यांसारख्या घर्षक ध्वनींची बरीचशी ओळख ३,४०० हर्ट्‌झच्या वर असते. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत जुन्या दूरध्वनीवर घोटाळा होई तो यामुळे. आणि चेहरे न दिसणाऱ्या परिषदेत कोण बोलत आहे हे ओळखण्यासही वरच्या कंप्रता उपयोगी पडतात. जिओने आवाजासाठी वेगळा आकार घेणे सोडल्यामुळे परिषदेचा प्रत्येक जोडणीमागचा हिशेबही संपला. २०१९ च्या ऑक्टोबरपासून इतर जालांवरील कॉलसाठी मिनिटास ६ पैसे आकारले गेले, ते १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले.

महापे, ऐरोली, बेलापूर येथील माहिती तंत्रविद्येच्या कार्यालयांत मात्र दुसऱ्याच प्रकारची परिषद रूढ झाली. तीत कोणी कोणास आत घेत नाही. सर्वांनी ठरलेल्या वेळी एका क्रमांकावर कॉल करून सांकेतिक अंक दाबावयाचे असतात. सहांची मर्यादा तेथे नसते आणि एकजण गेल्याने परिषद मोडत नाही. परंतु इंटरनेटवरून येणारा आवाज आणि सार्वजनिक दूरध्वनी जाल यांची सांगड घालण्यावर अशा कार्यालयांना कडक निर्बंध होते. परदेशी कॉल मधल्या मार्गाने आत येऊन आकार बुडेल, ही सरकारची धास्ती होती. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत कर्मचारी घरी बसले, तेव्हा या निर्बंधांतून सवलती द्याव्या लागल्या. ५ नोव्हेंबर २०२० व २३ जून २०२१ च्या आदेशांनी ते बव्हंशी शिथिल झाले. त्याच काळात जुलै २०२० मध्ये जिओमीट ही १०० जणांपर्यंतची सेवा निघाली. व्हॉट्सॲपने सामूहिक संभाषणाची मर्यादा चारावरून एप्रिल २०२० मध्ये आठ व २०२२ मध्ये ३२ केली. भ्रमणध्वनीच्या मूळ परिषदेचे क्षेत्र यामुळे आक्रसले. ज्याच्याकडे साधे उपकरण आहे किंवा जेथे विदेचा मार्ग क्षीण आहे, त्याला सामील करून घेण्यासाठी मात्र अजूनही तीच लागते.

केवळ आवाजाच्या परिषदेवर कायद्याने पुरता विश्वास ठेवलेला नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार संचालकांस दूरदृश्य साधनांद्वारे सभेस उपस्थित राहता येते. नुसत्या दूरध्वनीवरील उपस्थिती गणपूर्तीस चालत नाही. सहभागी व्यक्ती ओळखता यावी, ही त्यामागील अट आहे. उलट, नोंदणीकृत कंपन्या गुंतवणूकदारांबरोबर तिमाही निकालांवर जे परिषद-संभाषण करतात, त्याचे ध्वनिमुद्रण व लेखी उतारा जाहीर करणे सेबीने २०२१ मध्ये आवश्यक ठरविले. बंद दारामागे काहींनाच ऐकू येणारी माहिती सर्वांना मिळावी, असा त्याचा हेतू आहे.

ओळखीचा हा प्रश्न घरगुती परिषदेत फेब्रुवारी २०२५ मध्ये ठळकपणे पुढे आला. युपीआय व्यवहार चालविणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या महिन्यात ‘कॉल मर्ज’ प्रकारच्या फसवणुकीविषयी इशारा दिला. तीत फसविणारा आपणास तुमच्या एखाद्या मित्राकडून क्रमांक मिळाल्याचे सांगतो व तो मित्रच दुसऱ्या क्रमांकावरून कॉल करीत असल्याने दोन्ही कॉल मर्ज करा, असे सुचवितो. येणारा दुसरा कॉल मित्राचा नसून बँकेच्या स्वयंचलित यंत्रणेचा असतो आणि तो व्यवहाराचा गुप्त अंक बोलून दाखवितो. मर्जची कळ दाबताच तो अंक दोघांना सारखाच ऐकू जातो. यात जालाचा कोणताही दोष नसतो. परिषद-सेतू आपले काम चोख करतो, म्हणजे प्रत्येकास उरलेल्या सर्वांचा आवाज पोहोचवितो. परिषद भरविणारा म्हणून नियंत्रण तुमच्याच हाती असते व तोतयाला क्षणात बाहेर काढता येते. परंतु अंक उच्चारण्यास जेमतेम पाचसहा सेकंद लागतात आणि पडद्यावरील यादी उघडून नेमके नाव शोधण्यास त्याहून अधिक.